लिहिणं चालू, हलवणं चालू

४ ऑक्टोबर २०१० या सोमवारी न्यूयॉर्कची फोरस्क्वेअर ही सेवा अकरा तास बंद पडली. कॅफेत शिरलं किंवा विमानतळावर उतरलं की मोबाइलवर एक नोंद करायची आणि आपण कुठे आहोत ते मित्रमंडळींना कळवायचं, यासाठी लोक ती वापरत. अशी एक नोंद साधारण ३०० बाइटची. देवनागरीतली शंभर चिन्हं साठवायला तेवढीच जागा लागते. अशा कोट्यवधी नोंदी ॲमेझॉनकडून भाड्याने घेतलेल्या दोन सर्व्हरवर वाटून ठेवल्या होत्या. प्रत्येक सर्व्हरची मेमरी ६६ जीबी होती. कोणाच्या नोंदी कोणत्या सर्व्हरवर जातील हे वापरकर्त्याच्या क्रमांकावरून ठरे. वाटणी झाली तेव्हा दोन्हीकडे ३३-३३ जीबी डेटा होता. साधारण दोन महिन्यांत एका सर्व्हरवर तो ५० जीबी झाला आणि दुसऱ्यावर ६७.

६६ जीबी मेमरी आणि ६७ जीबी डेटा. एवढ्या फरकाने सगळं अडलं. मेमरीत न मावलेल्या नोंदींसाठी डिस्ककडे जावं लागलं, डिस्क मेमरीपेक्षा कित्येक पटींनी संथ, त्यामुळे विनंत्या तुंबल्या आणि तुंबलेल्या विनंत्यांखाली सेवा दबली. उपाय सरळ दिसत होता. तिसरा सर्व्हर जोडायचा आणि भरलेल्या सर्व्हरवरचा काही डेटा तिकडे हलवायचा. तसं केलंही. ५ टक्के डेटा हलला, पण भरलेल्या सर्व्हरची मेमरीची भूक जराही कमी झाली नाही.

फोरस्क्वेअरचा डेटाबेस मोंगोडीबी होता. तो बनवणाऱ्या टेनजेन कंपनीने नंतर सगळी कारणमीमांसा जाहीरपणे मांडली. डेटा मेमरीत येतो तो ४ केबीच्या ‘पानां’च्या रूपात. ३०० बाइटच्या १३ नोंदी एका पानावर मावतात. पान रिकामं झालं असं म्हणायचं तर त्यावरच्या तेराच्या तेरा नोंदी हललेल्या हव्यात. आता आपण गणित करून पाहू. नोंदी पानांवर विखुरलेल्या असतील आणि त्यांतल्या ५ टक्के हलवल्या, तर एखादं पान पूर्ण रिकामं होण्याची शक्यता ०.०५ चा तेरावा घात एवढी येते. म्हणजे सुमारे ८ वर १६ शून्यं एवढ्या पानांमागे एक! ६७ जीबीत पानं असतात दीड-पावणेदोन कोटी. थोडक्यात, एकही पान सुटणार नव्हतं. याहून थक्क करणारा आकडा पुढे आहे. ५ टक्क्यांऐवजी निम्म्या नोंदी हलवल्या असत्या, तरी दर ८,१९२ पानांमागे एकच पान मोकळं झालं असतं. डेटा गेला, पण त्याने व्यापलेली जागा तशीच अडून राहिली. शेवटी तो सर्व्हर बाजूला काढून त्यावरचा डेटा दाबून एकत्र केला. त्याला चार तास लागले, आणि मगच मेमरीची गरज खरोखर ५ टक्क्यांनी उतरली.

डेटा एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवणं ही गोष्ट बाहेरून फाइल कॉपी करण्याइतकी साधी दिसते. तो डेटा त्याच वेळी बदलत असेल, तर मात्र तिच्या पोटात गणित आणि वेळेचं नाजूक भान दडलेलं असतं. ते सगळं बाहेर काढण्याचा एकच मार्ग माझ्या मते खात्रीचा आहे: लेखनाचा खरा भार चालू ठेवून स्थलांतराची चाचणी घेणं.

वाटणी कशी चालते

एका यंत्राला मर्यादा असते. डिस्क, मेमरी, दर सेकंदाला किती नोंदी लिहिता येतील, सगळ्यालाच. म्हणून मोठा डेटाबेस अनेक यंत्रांवर वाटतात. त्यातल्या प्रत्येक वाट्याला शार्ड म्हणतात. मोंगोडीबीत एखादं क्षेत्र, समजा वापरकर्त्याचा क्रमांक, वाटणीसाठी निवडतात. त्या क्रमांकांच्या सलग पट्ट्यांचे तुकडे पाडतात, त्यांना चंक म्हणतात. एका चंकचा ठरलेला आकार बरीच वर्षं ६४ एमबी होता. २०२२ साली आलेल्या ६.० आवृत्तीपासून तो १२८ एमबी झाला. कोणता चंक कोणत्या शार्डवर आहे याचा नकाशा कॉन्फिग सर्व्हरवर असतो. डेटा मागणारा प्रोग्रॅम थेट शार्डशी बोलत नाही, तो राउटरशी बोलतो. राउटर आपल्याजवळच्या नकाशाप्रमाणे विनंती योग्य शार्डकडे पाठवतो.

वाटणी कधीच सारखी राहत नाही. काही वापरकर्ते रोज लिहितात, काही वर्षातून एकदा. म्हणून बॅलन्सर नावाची यंत्रणा सतत तोल पाहत असते. ६.० पासूनचा नियम असा: दोन शार्डांवरच्या डेटातला फरक चंकच्या तिप्पट झाला, म्हणजे १२८ एमबीच्या हिशेबाने ३८४ एमबी, की हलवाहलव सुरू. एक शार्ड एका वेळी एकाच स्थलांतरात भाग घेऊ शकतो, देणारा म्हणून किंवा घेणारा म्हणून. हे सगळं सेवा चालू असताना घडतं. तुम्ही पैसे पाठवत असता, तिकीट काढत असता, आणि ज्या नोंदीला तुम्ही हात लावला आहे तिचं बिऱ्हाड त्याच क्षणी बदलत असू शकतं.

पाठलागाचं गणित

किराणा दुकानदाराला उधारीची जुनी वही नव्या वहीत उतरवायची आहे, पण दुकान बंद ठेवायचं नाही, असं समजा. तो पहिल्या पानापासून उतरवत जाईल. मधेच कोणी उधारी नेली किंवा फेडली, तर ती जुन्याच वहीत लिहील आणि शेजारच्या चिठोऱ्यावर त्या खात्याचा क्रमांक टिपून ठेवेल. वही उतरवून झाली की चिठोऱ्यावरची खाती पुन्हा तपासेल. तेवढ्यात आणखी काही बदललं असेल, त्यासाठी दुसरं चिठोरं. प्रत्येक वेळी चिठोरं लहान होत जाईल. एक वेळ अशी येईल की दोनच खाती उरलेली असतील. तेव्हा तो गिऱ्हाइकाला म्हणेल, ‘क्षणभर थांबा,’ ती दोन खाती उतरवेल, आणि पुढची उधारी नव्या वहीत लिहील.

मोंगोडीबीचं स्थलांतर अगदी असंच चालतं. घेणारा शार्ड आधी लागतील ते इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायच्या सूची, तयार करतो, मग नोंदींच्या प्रती मागवू लागतो. या काळात सगळं लेखन जुन्या शार्डवरच होतं. जुना शार्ड बदललेल्या नोंदींचे क्रमांक टिपत राहतो. मूळ प्रत पोहोचली की टिपलेल्या नोंदी नव्याने पाठवल्या जातात, पुन्हा पुन्हा, उरलेला फरक थोडा होईपर्यंत.

हा पाठलाग संपतो की नाही, हे कशावर ठरतं? चंक १२८ एमबीचा आहे आणि प्रत सेकंदाला १६ एमबी वेगाने जाते असं धरू. पहिल्या फेरीला ८ सेकंद लागतील. त्या चंकवर सेकंदाला २ एमबी नवं लेखन होत असेल, तर ८ सेकंदांत १६ एमबी बदललं. ते पाठवायला १ सेकंद. त्या सेकंदात २ एमबी बदललं. ते पाठवायला सेकंदाचा आठवा भाग. मग चौसष्टावा भाग. शाळेत शिकलेली भूमिती श्रेढी इथे जिवंत होते! प्रत्येक पद आधीच्या पदाच्या एक अष्टमांश आहे, म्हणून अनंत फेऱ्या धरल्या तरी बेरीज ९.१४ सेकंदांच्या पुढे जात नाही.

आता लेखनाचा वेग सेकंदाला २ एमबीऐवजी १४ एमबी करून पाहा. गुणोत्तर सात अष्टमांश झालं. बेरीज ९.१४ सेकंदांवरून थेट ६४ सेकंदांवर गेली. लेखनाचा वेग १६ एमबी झाला, तर श्रेढी कधीच थांबत नाही. जेवढं पाठवावं तेवढंच नवं बदलतं. दोन वेग एकमेकांना भिडले की स्थलांतर संपतच नाही.

म्हणूनच ‘आमचा डेटा सेकंदाला अमुक एमबी वेगाने हलतो’ हे वाक्य अपुरं आहे. स्थलांतराला स्वतःचा असा वेग नसतो, त्याला लेखनाशी असलेलं गुणोत्तर असतं. शांत डेटाबेसवर घेतलेली चाचणी हे गुणोत्तर शून्य धरते. मग तिच्यातून कळतं ते केवळ केबल आणि डिस्कबद्दल. पाठलागाबद्दल काहीच कळत नाही.

त्यातच आणखी एक खोच आहे. लेखनाचा भार वाढला की गुणोत्तरातला भाजक, म्हणजे प्रतीचा वेगही आक्रसतो, कारण प्रत काढणं आणि नव्या नोंदी लिहिणं ही दोन्ही कामं त्याच डिस्कवर, त्याच प्रोसेसरवर, त्याच जाळ्यावर चालतात. २ एमबीला १६ चा वेग मिळत असेल, तर १० एमबीला कदाचित १२ च मिळेल. गुणोत्तर दोन्ही बाजूंनी एकाकडे सरकतं. ते नेमकं कुठे ओलांडलं जातं, हे कागदावर काढता येत नाही. मोजावंच लागतं.

तो एक थांबा

शेवटी दुकानदाराचं ‘क्षणभर थांबा’ येतंच. डेटाबेसच्या भाषेत हा निर्णायक टप्पा. मोंगोडीबीत उरलेला फरक ठरावीक प्रमाणाखाली आला की देणारा शार्ड लेखन रोखतो. शिल्लक बदल पोहोचवतो. मग थोडा वेळ वाचनही रोखलं जातं, कॉन्फिग सर्व्हरवरच्या नकाशात मालकी बदलते आणि दार उघडतं. मालकी बदलण्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा, शार्डच्या वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवलेल्या प्रतींपैकी बहुमताने ‘मिळालं’ असं सांगणं आवश्यक असतं. म्हणजे बहुमतासाठी लागणारी एखादी प्रत दूरच्या डेटासेंटरमध्ये आणि मंद असेल, तर ती हा थांबा लांबवू शकते.

इथे फार थोड्या लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट अशी: थांबतं ते फक्त हलणाऱ्या चंकवरचं काम नसतं. तो चंक नोंदींच्या ज्या संग्रहातला (कलेक्शनमधला) असतो, त्या संपूर्ण संग्रहाचं वाचन-लेखन देणाऱ्या शार्डवर थोडा वेळ थांबतं. ज्याची नोंद हललीच नाही, त्यालाही वाट पाहावी लागते. म्हणून चाचणीत फक्त हलणाऱ्या पट्टीवरच्या लेखनाचा वेळ मोजला, तर दुखणं अर्धंच दिसतं. न हलणाऱ्या शेजाऱ्यांचाही वेळ मोजायला हवा.

मालकी बदलल्यावर राउटरजवळचा नकाशा जुना झालेला असतो. तो जुन्याच शार्डकडे विनंती पाठवतो. पण प्रत्येक विनंतीसोबत नकाशाची आवृत्ती जाते. शार्ड ती पाहतो, ‘तुझा नकाशा शिळा आहे’ असं कळवतो, राउटर नवा नकाशा आणतो आणि विनंती योग्य दारी नेतो. वापरकर्त्याला यातलं काहीच कळत नाही. एखादी खेप किंचित उशिरा लागते, इतकंच. मला या रचनेचं मनापासून अप्रूप वाटतं. शेकडो राउटरांना एकाच क्षणी बातमी पोहोचवण्याची गरज नाही. ज्याला गरज पडेल त्याला, गरज पडेल तेव्हा, सत्य कळतं.

घड्याळ कोणाच्या हातात

आता प्रत्यक्ष मोजमाप. लेखनाचा भार टाकणारा एक प्रोग्रॅम लागतो. याहू कंपनीच्या संशोधकांनी २०१० साली वायसीएसबी नावाचं साधन खुलं केलं. आजही डेटाबेसांच्या तुलनेत ते सर्रास वापरलं जातं. पण असं कोणतंही साधन हाती घेताना एक प्रश्न आधी विचारावा लागतो: पुढची विनंती हा प्रोग्रॅम केव्हा पाठवतो?

बहुतेक साधे प्रोग्रॅम एक विनंती पाठवतात, उत्तराची वाट पाहतात, उत्तर आलं की पुढची पाठवतात. वरवर पाहता यात काहीच चूक नाही. पण डेटाबेस एक सेकंद थांबला, तर हा प्रोग्रॅमही सभ्यपणे एक सेकंद थांबतो. खरे वापरकर्ते असे थांबत नाहीत. त्यांना डेटाबेसची अडचण ठाऊक नसते. ते येतच राहतात.

फरक किती पडतो ते पाहा. दहा सेकंदांची चाचणी, सेकंदाला १,००० लेखनं, प्रत्येकाला १ मिलिसेकंद. मधेच स्थलांतराचा एक सेकंदाचा थांबा. वाट पाहणारा प्रोग्रॅम नऊ सेकंदांत ९,००० जलद लेखनं मोजतो, आणि थांब्यात अडकलेलं एक, १,००० मिलिसेकंदांचं. त्याची सरासरी येते १.१ मिलिसेकंद. सीईटीच्या निकालामुळे पर्सेंटाइल हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. इथे ९९वं पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली ९९ लेखनं ज्या वेळेच्या आत उरकली तो वेळ. या प्रोग्रॅमच्या हिशेबात तो येतो १ मिलिसेकंद. ९९.९वं पर्सेंटाइलही १ मिलिसेकंदच! अहवालात थांब्याचा मागमूस नाही.

आता वेळापत्रकाप्रमाणे येणारे वापरकर्ते धरू. थांब्याच्या त्या सेकंदात १,००० जण येतात. पहिल्याला पूर्ण १,००० मिलिसेकंद थांबावं लागतं, दुसऱ्याला ९९९, असं उतरत शेवटच्याला १. साठलेली गर्दी दार उघडताच एका झटक्यात निघून गेली असं उदारपणे मानलं, तरी सरासरी येते सुमारे ५१ मिलिसेकंद. आणि ९९वं पर्सेंटाइल सुमारे ९०० मिलिसेकंद. डेटाबेस तोच, थांबा तोच, घड्याळही तेच. फक्त घड्याळ केव्हा सुरू करायचं, एवढंच बदललं. एका उत्तरात १ आहे, दुसऱ्यात ९००.

अझूल सिस्टिम्स या कंपनीचे गिल टेने यांनी या चुकीला नाव देऊन ती जगापुढे मांडली. मोजणाराच मोजल्या जाणाऱ्याशी नकळत संगनमत करतो आणि वाईट क्षण नोंदीतून गळतात, हे त्यांचं म्हणणं. उपाय सोपा आहे. विनंती कधी पाठवली यापासून मोजू नका, ती कधी पाठवायला हवी होती यापासून मोजा. वायसीएसबीतही नंतर तशी सोय आली. स्थलांतराच्या चाचणीत हा मुद्दा सगळ्यात आधी तपासावा असं मला वाटतं, कारण स्थलांतराचा मुख्य त्रासच थांब्याच्या रूपात येतो. वाट पाहणारा प्रोग्रॅम नेमका तोच त्रास पाहू शकत नाही.

रात्री फुकट, दुपारी महाग

१९०९ साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे आग्नर एर्लांग यांनी फोनकॉलच्या गर्दीवर निबंध प्रसिद्ध केला. तिथून रांगांचं गणित सुरू झालं. त्या गणिताचं एक ढोबळ सूत्र इथे फार उपयोगी पडतं. यंत्र जितकं व्यग्र, तितकी वाट जास्त, आणि ती सरळ रेषेत वाढत नाही. यंत्र ५० टक्के व्यग्र असेल तर कामाला मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्क्यांना पाचपट. ९० टक्क्यांना दहापट.

स्थलांतरामुळे यंत्रावर १० टक्के जादा काम पडलं असं धरा. ५० टक्क्यांवर असलेलं यंत्र ६० वर गेलं, तर २ पटीचं २.५ पट झालं. कोणी तक्रारही करणार नाही. ८५ वर असलेलं यंत्र ९५ वर गेलं, तर ६.७ पटीचं २० पट झालं. काम तेवढंच, परिणाम आठवणीत राहील असा. मोंगोडीबीत बॅलन्सरला कामाची वेळ ठरवून देता येते, ती यासाठीच. फोरस्क्वेअरची अडचणही यातूनच उलगडते. मदतीची सर्वाधिक गरज असते तेव्हा यंत्राजवळ स्थलांतराला देण्यासाठी काहीच शिल्लक नसतं. शार्ड वाढवायचा तो भरण्याच्या बराच आधी.

म्हणून एकाच भारावर चाचणी घेऊन भागत नाही. आधी स्थलांतराशिवाय यंत्र किती भार पेलतं ते पाहायचं. मग त्या क्षमतेच्या अर्ध्यावर, दोन तृतीयांशावर, चार पंचमांशावर तोच भार, तेच स्थलांतर, पुन्हा पुन्हा. प्रत्येक पायरीवर स्थलांतराविना एक फेरी आणि स्थलांतरासह एक. या दोहोंतला फरक हेच उत्तर.

काय लिहायचं आणि किती वेळ पाहायचं

लेखन कुठे पडतं यावरही खूप काही अवलंबून आहे. खऱ्या जगात लेखन सगळीकडे सारखं पडत नाही. थोड्या नोंदींवर फार, फार नोंदींवर थोडं, असंच असतं. वायसीएसबीच्या नेहमीच्या भारात हीच विषम वाटणी वापरतात. हलणारा चंक नेमका गजबजलेला असेल तर पाठलाग लांबतो. निपचित असेल तर तो गुपचूप निघून जातो. चाचणीत दोन्ही प्रकार हवेत. वाटणीचं क्षेत्र सतत वाढणारं असेल, उदाहरणार्थ तारीख-वेळ, तर प्रत्येक नवी नोंद शेवटच्याच पट्टीत पडते. तो चंक कुठेही हलवला तरी गर्दी त्याच्यामागून जाते. तोल कधीच साधत नाही. यावरचा एक मार्ग म्हणून मोंगोडीबीत २०१३ साली २.४ आवृत्तीपासून क्षेत्राच्या हॅशवरून, म्हणजे मूल्यापासून काढलेल्या विखुरलेल्या आकड्यावरून, वाटणी करता येऊ लागली. त्याने नवं लेखन सर्वत्र पसरतं.

नोंदीवर किती इंडेक्स आहेत तेही पाहायला हवं. पाच इंडेक्स असतील तर घेणाऱ्या शार्डला एका नोंदीमागे सहा ठिकाणी लिहावं लागतं. बिनइंडेक्सच्या नमुना डेटावर झालेली चाचणी खूप गोड आकडे देते, ते खऱ्या डेटावर टिकत नाहीत.

आणि मग वेळ. नकाशा बदलला म्हणजे स्थलांतर संपलं असं वाटतं, पण जुन्या शार्डवर त्या नोंदींच्या प्रती अजून पडून असतात. जुनी वाचनं संपावीत म्हणून मोंगोडीबी अनेक आवृत्त्यांत डिफॉल्टने ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं, थांबतो आणि मगच त्या पुसायला घेतो. हे पुसणं म्हणजे पुन्हा लेखनच. प्रत्येक इंडेक्समधून नोंद काढायची, आणि हे सगळं शार्डच्या इतर प्रतींनाही कळवायचं. स्थलांतर संपलं म्हणून पाचव्या मिनिटाला घड्याळ बंद करणाऱ्याला हा खर्च दिसतच नाही. तो खर्च वीस मिनिटांनी दुसऱ्याच कोणत्या तरी तक्रारीच्या रूपात उगवतो. वायर्डटायगर हे मोंगोडीबीचं साठवणुकीचं इंजिन डिफॉल्टने दर ६० सेकंदांनी मेमरीतली स्थिती डिस्कवर पक्की करतं. त्या वेळी शांत डेटाबेसच्या आलेखातही उंचवटे दिसू शकतात. म्हणून आलेख तास-दीड तासाचा हवा, आणि प्रत्येक सेकंदाचा बिंदू वेगळा हवा. सगळ्या चाचणीची एक सरासरी काढली की उंचवटे, थांबे, पुसण्याची लाट, सगळं एका सपाट आकड्याखाली गाडलं जातं.

हाच पाठलाग इतरत्र

या कल्पनेचा पसारा डेटाबेसपुरता नाही. २००५ साली केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी झेन या प्रणालीवर चालू असलेलं आख्खं आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवून दाखवलं. पद्धत हीच. मेमरीची पानं पाठवा, तेवढ्यात बदललेली पुन्हा पाठवा, उरलेली थोडी झाली की क्षणभर थांबवा. त्या यंत्रावर क्वेक ३ हा खेळ सुरू होता आणि त्यात खेळाडू होते. थांबा भरला सुमारे ६० मिलिसेकंदांचा. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. त्या संशोधकांनाही तीच भिंत लागली. काही पानं इतक्या वेगाने बदलतात की ती आधी पाठवण्यात अर्थच नसतो. ती शेवटच्या थांब्यासाठीच राखून ठेवावी लागतात. मेमरीची पानं असोत की फोरस्क्वेअरच्या नोंदी, बदलाचा वेग आणि प्रतीचा वेग यांचं गुणोत्तर सगळीकडे तोच निकाल देतं.

सगळ्यात आधीचा प्रश्न

इतका वेळ वेगाबद्दल बोललो. पण लेखनाच्या भाराखाली स्थलांतराची चाचणी घेण्याचं सर्वांत मोठं कारण वेग नाही. डेटाबेसने ‘लिहिलं’ अशी पोचपावती दिलेली एखादी नोंद या हलवाहलवीत हरवली तर? चिठोऱ्यावर एक क्रमांक टिपायचा राहिला, मालकी बदलायच्या क्षणी एखादं लेखन जुन्या दारी अडकलं, एवढ्यानेही हे होऊ शकतं. शांत डेटाबेसवर ही चूक कधीच दिसणार नाही, कारण तिथे हरवण्यासारखं ताजं लेखनच नसतं. काईल किंग्जबरी यांनी २०१३ पासून जेप्सेन या उपक्रमातून अनेक नामवंत डेटाबेस जाळं तुटलेलं असताना आणि यंत्रं बंद पडत असताना तपासले. दाव्यांत आणि वागणुकीत अंतर असल्याचं त्यांना वारंवार दिसलं.

तपासण्याची रीत अवघड नाही. भार टाकणारा प्रत्येक धागा (थ्रेड) आपल्या लेखनांना चढता क्रमांक देतो आणि पोचपावती मिळालेले क्रमांक डेटाबेसच्या बाहेर लिहून ठेवतो. ज्यांचं उत्तरच आलं नाही, ते वेगळ्या यादीत जातात. ते लिहिले गेले असतील किंवा नसतील, दोन्ही ग्राह्य. चाचणीच्या मधेच एखादा शार्ड मुद्दाम बंद पाडायचा. शेवटी राउटरमार्फत सगळं वाचायचं आणि यादीशी ताडून पाहायचं. पोचपावती मिळालेली प्रत्येक नोंद एकदा, एकदाच, आणि तिच्या शेवटच्या रूपात सापडायला हवी.

असा अहवाल माझ्यासमोर आला तर मी त्यात तीन गोष्टी शोधेन. प्रतीच्या वेगाशी लेखनाचं गुणोत्तर कुठपर्यंत ताणलं. वापरकर्त्याच्या घड्याळाप्रमाणे सर्वांत लांब थांबा किती, न हललेल्या नोंदींसाठीसुद्धा. आणि पोचपावत्या किती दिल्या, नोंदी किती सापडल्या. पहिल्या दोन आकड्यांवर तडजोड होऊ शकते: यंत्र वाढवा, रात्रीची वेळ निवडा, चंक लहान ठेवा. तिसऱ्या ठिकाणी मात्र एका नोंदीचीही तूट चालत नाही, कारण ती नोंद करणाऱ्याला आपण ‘झालं’ असं सांगून बसलेलो असतो.